दुसऱ्यानं बेतलेलं

माझी बायको मशीनमध्ये दोरा कधी पहिल्यापासून ओवत नसे. रीळ संपत आलं की नव्या रिळाचं टोक जुन्या दोऱ्याला बांधायची, बारीक गाठ मारायची आणि खालून हळूहळू ओढायची. जुना दोरा पुढं निघून जायचा आणि नवा त्याच्या मागनं त्याच वाटेनं यायचा. सुईच्या नेढ्यात तेवढी गाठ मावत नाही, म्हणून सुई फक्त नव्यानं ओवावी लागे. रंग बदलायचा असला तरी तेच. पांढऱ्याच्या मागनं लाल, लालच्या मागनं काळा. आमच्या लग्नात तिच्या माहेराहून, कवठे येमाईहून, भांड्यांबरोबर ते मशीन आलं, तेव्हा शिरूरच्या शिवणक्लासच्या बाईंनी ते एकदा ओवून दिलं होतं. त्यानंतर ते कधी रिकामं झालं नाही, असं ती सांगायची. सांगताना तिला त्याचा जरा ताठाही असायचा.

हे आधी सांगायचं कारण असं, की ती गेल्यावर तिसऱ्या दिवशी त्या मशीनमधला दोरा काढून टाकला गेला, आणि तो परत कसा घालायचा हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

मी आमच्या भावकीतला पहिला ग्रॅज्युएट. बी.कॉम., दौंडच्या कॉलेजातून, वरवंडहून रोज एसटीनं जाऊन-येऊन. हे सांगताना मी लाजत नाही. घरात विचारायला कुणी नव्हतं. परीक्षेचा फॉर्म, बँकेतलं खातं, नोकरीचा अर्ज, सगळं मी मागच्या पानावरच्या सूचना वाचून शिकलो. आता कुरकुंभच्या एका कंपनीत स्टोअरला आहे. बायको म्हणायची, "कंपनीतला एकेक नट-बोल्ट कुठं ठेवलाय ते सांगता, आन् घरात टॉवेल दोरीवर हाय त्यो दिसत न्हाई."

तिला ताप आला तो साधाच वाटला. प्लेटलेट्स उतरल्या म्हणून दौंडला ॲडमिट केलं, तिथून पुण्याला नेलं, आणि आठवड्याच्या आत ती ॲम्ब्युलन्समधून घरी आली. त्यातलं याहून जास्त मला लिहायचं नाही.

सावडायच्या दिवशी सकाळी माझी मोठी आई, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांची बायको, माझ्या बायकोच्या वापरातल्या कपड्यांचं गाठोडं बांधत होती. आमच्याकडं असे कपडे घरात ठेवत नाहीत. गाठोडं बांधून झाल्यावर ती मधल्या खोलीत गेली, मशीनवरचं फडकं काढलं, सुईपाशी दोरा तोडला आणि वरून सगळा ओढून घेतला. खालची बॉबिन काढली. वरचं हिरवं रीळ काढलं. बोटांवर गुंडाळलेला दोरा, रीळ, बॉबिन, सगळं गाठोड्यात टाकलं. मी ते बघितलं, पण त्या दिवशी बघितलेलं काही डोक्यात जात नव्हतं. गाठोडं नदीला गेलं.

तेरावा झाल्यावर गिऱ्हाईक बाया यायला लागल्या. तिच्याकडं आठ-दहा जणींचे ब्लाउज पीस पडलेले होते. कुणी आल्या आल्या मागितले नाहीत. बसायच्या, चहा नको म्हणायच्या, मुलीच्या डोक्यावरून हात फिरवायच्या, आणि उठताना मशीनकडं बघायच्या. मग मीच म्हणायचो, तुमचं कापड घेऊन जा. मापाच्या जुन्या ब्लाउजात नवा पीस गुंडाळून ठेवायची तिची पद्धत होती, त्यामुळं कुणाचं कुठलं ते शोधावं लागलं नाही. एकेक करत शेल्फ रिकामं झालं.

एक राहिलं. समोरच्या घरातल्या वहिनींचं. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलेलं होतं आणि हळदीला घालायचा हिरवा ब्लाउज माझ्या बायकोकडं होता. तो नुसता पीस नव्हता. तिनं तो बेतला होता, म्हणजे मापानं आखून कापला होता, गळा केला होता, हुकपट्ट्या लावल्या होत्या, बाह्या जोडल्या होत्या. फक्त दोन्ही बाजू उघड्या होत्या. बाहीच्या टोकापासून कमरेपर्यंत दोन शिवणी घातल्या की ब्लाउज झाला. तापानं उठवेना तेव्हा ती तिथंच थांबली होती.

वहिनी आल्या आणि तो हातात घेऊन उलटसुलट करत बसल्या. त्या तिची मैत्रीण. लोणचं घालायला बरोबर, यवतच्या बाजाराला बरोबर. मी म्हणालो, वहिनी, न्या, कुणाकडनंही दोन शिवणी मारून घ्या. त्या म्हणाल्या, बेतलेलं दुसरं कुणी घेत नाही. मग पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाल्या, "भावजी, अहेव गेली ती. भाग्याची. तिच्या हातचं माझ्या पोरीच्या अंगाला लागलं तर पोरीचं सोनं व्हईल."

नवऱ्याआधी मेलेल्या बाईला आपल्याकडं अहेव म्हणतात आणि तिचं मरण भाग्याचं मानतात. तिला हिरवी साडी नेसवली, मळवट भरला, बाया तिच्या पाया पडल्या. तेव्हापासून हा शब्द मी येईल त्याच्याकडनं ऐकत होतो आणि गप्प होतो. वहिनींसमोर मात्र मला ते जमलं नाही. मी सरळ बोलणारा माणूस आहे.

"वहिनी, चाळिशीसुद्धा आली नव्हती तिची," मी म्हणालो. "पोरगी नववीत हाय. ह्यात भाग्य कुठलं?"

वहिनी बराच वेळ ब्लाउजच्या बाहीवर बोट फिरवत राहिल्या.

"भाग्य न्हाईच, भावजी," त्या म्हणाल्या. "पण आमच्याजवळ म्हणायला दुसरं काय हाय?"

मी ब्लाउज त्यांच्याकडनं परत घेतला आणि म्हणालो, हळदीच्या आधी तुम्हाला मिळेल. बोलून तर बसलो. पुढं काय करायचं ते ठरवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कंपनीतून सुटल्यावर दौंडला गेलो. तिथं एक म्हातारे टेलर आहेत, माझी कॉलेजातली पँट त्यांनी शिवली होती. त्यांनी ब्लाउज उजेडात धरला, आतून बघितला, बाहीच्या जोडावरून अंगठा फिरवला. म्हणाले, हात चांगला आहे, कुणाचा? मी सांगितलं. त्यांनी घडी घालून माझ्या हातात परत दिला. त्यांचं म्हणणं असं, की दुसऱ्यानं बेतलेलं शिवायचं नाही हा धंद्यातला नियम. अंगाला बसलं तर नाव बेतणाऱ्याचं, चुकलं तर शिवणाऱ्याचं. मी म्हणालो, दोनच शिवणी आहेत. ते म्हणाले, साहेब, त्या दोन शिवणीतच सगळा ब्लाउज असतो. मग जरा थांबून म्हणाले, घरचंच कुणीतरी घाला, घरच्याला नियम नाही.

येताना हायवेला चहाच्या टपरीवर थांबलो. गावातले दोघं-तिघं होते. पिशवीतून हिरवं कापड दिसत होतं. एकानं विचारलं, काय नेलं होतं. मी सांगून टाकलं, आणि आता मीच शिवणार आहे हेही सांगितलं. ते ठरलं तिथंच, बोलता बोलता.

"साहेब, आता ब्लाउज शिवणार व्हय?" तो म्हणाला. "आमच्या मंडळीचं माप आणू का?"

"आण की," मी म्हणालो. "पण आधी मंडळी तुझ्याशी बोलती का बघ."

सगळे हसले, तोही हसला. मग हसणं अर्ध्यातच थांबलं, कारण मी का शिवणार होतो ते सगळ्यांना एकदमच आठवलं. त्यानं माझा चहा परस्पर सांगितला.

रविवारी जेवण झाल्यावर मी मधल्या खोलीत बसलो. मुलगी अभ्यासाला म्हणून माडीवर गेली होती. आई गेल्यापासून ती त्या खोलीत थांबत नव्हती. पलीकडं जायचं असलं तरी अंगणातून वळसा घालून जायची. मी तिला काही विचारलं नव्हतं.

मशीनवरचं फडकं काढलं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ते पूर्ण रिकामं आहे. जुन्या दोऱ्याचं टोक कुठं तरी उरलेलं असेल आणि त्याला नवा बांधून ओढू, असं मी धरून चाललो होतो. टोक नव्हतं. मशीनच्या डोक्यावर, पुढं, बाजूला भोकं होती, आकडे होते, दोन चकत्या होत्या, एक बारीक तारेची स्प्रिंग होती, वर-खाली होणारी एक दांडी होती. पण कशातनं आधी आणि कशातनं नंतर, हे सांगणारं काही नव्हतं. इतकी वर्षं तिथून दोरा गेला होता, तरी लोखंडावर त्याची खूण नव्हती.

तेव्हा मोठ्या आईनं दोरा ओढून घेतला होता ते आठवलं आणि मला तिचा राग आला. उठून तिच्या घरी गेलो. ती ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. मी विचारलं, मशीनचा दोरा का काढला. ती माझ्याकडं बघून म्हणाली, "अर्ध्या शिवणीत बाईचा जीव अडकतो रं बाबा. दोरा मोकळा केला, ती मोकळी झाली."

"तिला मोकळं व्हायचं नव्हतं, मोठी आई."

एवढंच मी बोललो. तिनं शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. तिनं ते चांगल्यासाठीच केलं होतं, मायेनं केलं होतं, आणि तिच्याशी यावर भांडण्यात काही अर्थ नव्हता. तिनं एक मूठ शेंगदाणे पोरीला म्हणून माझ्या हातात दिले. मी घरी आलो.

मोबाईलवर व्हिडिओ लावला. हिंदीत बोलणारी एक बाई होती, भराभरा. तिचं मशीन पांढरं, विजेचं. आमचं काळं, पायाचं. तरी अंदाजानं मी नवं हिरवं रीळ वरच्या खुंटीवर लावलं. ते आदल्या दिवशी यवतहून आणलं होतं. दुकानदारानं पोपटी दाखवला, शेवाळी दाखवला. मी ब्लाउज काढून त्यावर एकेक रीळ ठेवत गेलो आणि चुड्याचा हिरवा मिळेपर्यंत उठलो नाही. ते टोक घेऊन मी वरच्या आकड्यातून खाली आलो, दोन चकत्यांच्या मधून घेतलं, मग दांडीच्या भोकातून, मग खाली सुईकडं. सुई पुढून मागं ओवली, व्हिडिओतल्या बाईसारखी. बॉबिन भरून खाली बसवली. ब्लाउज नाही, माझा एक जुना शर्ट घेतला आणि पाय मारला.

चाक उलटं फिरलं. दोरा तुटला. परत ओवला. या वेळी चाक सुलटं गेलं, पण थोडं जाऊन दोरा परत तुटला. मग चकत्यांपाशी नीट बघितलं, तर ती तारेची स्प्रिंग मी सोडूनच दिली होती. दोरा तिच्यात अडकवून वर घेतला. आता तुटला नाही, पण टाके पडेनात, सुई नुसतीच वर-खाली. शर्टाला भोकं पडत राहिली. मग मी सुई बोटांनी चाचपली. एका बाजूला तिला लांब खोबण असते, दोऱ्याला बसायला. ती खोबण डाव्या हाताला होती. म्हणजे आमच्या मशीनची सुई पुढून नाही, डावीकडून उजवीकडं ओवायची. विचारायला कुणी नसलं की माणूस असं चाचपत शिकतो, ते मला नवीन नव्हतं. डावीकडून ओवली, शर्ट ठेवला, चाकाला हात लावून सुरुवात दिली आणि पाय मारला.

मशीन चाललं. टाके एकसारखे नव्हते, पण टाके होते. आणि तो आवाज आला. आमच्या घरात दुपारी जेवणानंतर जो आवाज असायचा तोच, लयीला लागलेला. मला पाय थांबवावासा वाटेना. शर्टाच्या टोकापर्यंत गेलो, वळवला, परत आलो.

माडीच्या जिन्यावरून धावत पावलं आली. मुलगी दारात येऊन उभी राहिली, एक हात चौकटीवर. तिच्या तोंडावर जे होतं ते मी एक क्षणच बघितलं, कारण मला बघितल्यावर ते गेलं. खुर्चीत मी होतो. तिला वाटलेलं माणूस नव्हतं.

मी पाय थांबवला. बऱ्याच वेळानं ती आत आली आणि मशीनच्या बाजूला खाली बसली, तिची आई शिवत असताना बसायची तशी, भिंतीला पाठ लावून. म्हणाली, "पप्पा, आई रेघेच्या बाहेर नाही जायची."

ब्लाउजवर दोन्ही बाजूंना खडूच्या दोन-दोन रेघा होत्या. आतली आत्ताच्या मापाची. बाहेरची, नंतर पोरगी अंगानं भरली तर उसवून सैल करायला. एवढं मला माहीत होतं, कारण लग्नाच्या ब्लाउजांना ती हे नेहमी करायची आणि म्हणायची, सासरी दोन वर्षं तरी दुसरा शिंपी शोधायला नको. मुलीनं बाहीचं टोक आणि कमरेचं टोक जुळवून धरलं. मी आतल्या रेघेवर सुई टेकवली.

सावकाश गेलो. पायानं कमी आणि हातानं चाक फिरवून जास्त. तिची रेघ माझ्या पुढं होती आणि सुई तिच्यावरून चालली होती, आणि जिथं जिथं टाका पडत होता तिथं खडू झडत होता. ते मला दिसत होतं. दुसरा काही इलाज नव्हता. काखेपाशी कापड जाड होतं तिथं मुलगी म्हणाली, सुई आत ठेवून वळवा. मी वळवलं. एक बाजू झाली. दुसरी बाजू करताना मला घाई करायची नव्हती, आणि उशीर करायला काही उरलंही नव्हतं. वीतभर राहिलं, मग चार बोटं राहिलं, मग संपलं.

दोरा तोडायला कात्री समोरच होती. मी तसाच बसून राहिलो. तो ब्लाउज शेल्फवर अर्धा पडलेला होता तोवर घरात तिचं एक काम चालू होतं. माणूस कामातून उठून कुठं तरी गेलं की काम जसं पडून राहतं, तसं ते पडलेलं होतं. आता ते झालं होतं. मी ते माझ्या हातानं संपवलं होतं. मुलगी वाट बघत होती. मी दोरा कापला.

वहिनींनी ब्लाउज नेला, हूक लावले, तुरपाई केली, इस्त्री केली. हळदीच्या दिवशी सकाळी नवरी तो घालून, चुडा भरून, आमच्या दारात पाया पडायला आली. पाठीला सुरकुती नव्हती, खांदा बसला होता, बाही दंडाला जिथं हवी तिथं होती. एक बाजू कमरेपाशी जराशी ओढत होती, ती माझी. बरोबरच्या बाया म्हणाल्या, हात तो हात, गेली तरी हात कळतो. मी त्यांचं बोलणं दुरुस्त केलं नाही. बाकीचा ब्लाउज खरोखर तिचाच होता.

गल्लीत कुणाचंही लग्न असो, हळद कुटायच्या सवाष्णींत माझी बायको असायचीच, आणि निघताना तिची ओटी भरली जायची. त्या दिवशी हळद लागून झाल्यावर वहिनी ताट घेऊन आल्या. ताटात तांदूळ, नारळ आणि वर एक नवा कोरा खण. दारातून आत आल्या आणि ताट कुणाच्या पदरात घालायचं ते त्यांना कळेना. माझ्याकडं बघितलं, मुलीकडं बघितलं. मुलगी अजून लहान, आणि मी पुरुष. उभ्या उभ्या त्यांचे डोळे भरले. मग त्यांनी मधल्या खोलीत जाऊन ताट मशीनवर ठेवलं, मशीनला हळदी-कुंकू लावलं आणि तोंडाला पदर लावून निघून गेल्या. त्यांच्या घरी अजून पाहुणे होते.

मांडवातलं गाणं आमच्या घरात ऐकू येत होतं. मुलीनं नारळ देवापाशी नेऊन ठेवला, तांदूळ डब्यात ओतले. खण तिच्या हातात राहिला. जांभळा होता, काठाला पिवळी पट्टी. तिनं तो उलगडून स्वतःच्या खांद्यावर धरला आणि आरशात बघितलं. गेल्या महिन्याभरात ती उंच झाली होती.

"पप्पा," ती म्हणाली, "हा माझ्यासाठी शिवाल?"

मी खण हातात घेतला. कोरं कापड होतं. त्यावर रेघ नव्हती.

"शिवीन," मी म्हणालो. "पण बेतायला मला येत नाही, बाळा."